पुसणाऱ्यानं उभं राहायचं

कोल्हापूर
४ फेब्रुवारी २००८

रुद्रेशदादा,

शनिवारच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की नुजहतच्या मजकुरात शिवी होती, म्हणून तू तो तुझ्या वेबसाइटवरून, कट्ट्यावरून काढलास ते बरोबरच झालं. शिवी नुजहतच्या मजकुरात नव्हती. ती खाली आलेल्या एका उत्तरात होती, आणि ते ‘झणझणीत’ असं टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या कुणा वेगळ्याच माणसाचं होतं.

आप्पांना पडद्यावर वाचायचा कंटाळा येतो, म्हणून ते पान मी चमनभाईंच्या कॅफेत छापून आणलं होतं. काल ते पुन्हा वाचलं. नुजहतचं लिहिणं वर आहे, शिवी खाली. तू वरचं काढलंस आणि त्यासोबत खालची सगळी उत्तरं गेली. मी शिवी पाहिली होती, ती त्याच पानावर होती, तेवढ्यावरून मी तुला हो म्हटलं. दोनदा वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही हे मला घरात शिकवलेलं आहे.

आता अडचण अशी. त्या जागी कट्ट्यावर पाटी आली आहे, ‘नुजहत जमादार यांचा अश्लील मजकूर काढून टाकला आहे.’ नुजहत कबनूरच्या बालवाडीत शिकवते. परवा एका मुलाच्या वडिलांनी फाटकातच तिला विचारलं, “बाई, काय लिहिलंसा ओ असं?” तिच्या आईचा, सुगरा खालांचा, मला फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “विद्या, तू कालिजात तिच्याबरोबर डबा खाल्लास की. तुला तरी ठावं हाय न्हवं?”

तुला कदाचित मूळ मजकूर आठवत नसेल. सुरुवात अशी होती: ‘आमच्या गल्लीत बायका नळावर आल्या की आधी रंग विचारतात.’ सयाजीरावांच्या कापड रंगवायच्या कारखान्याचा सांडपाण्याचा पाइप दिवाळीपासून फुटलाय, ते पाणी नळाच्या लाइनीत शिरतंय, कधी निळं येतं, कधी तांबडं. पंचायतीत सांगितलं, कारखान्यात सांगितलं. बस, एवढंच. सयाजीरावांना अरेसुद्धा म्हटलेलं नाही.

तर ती पाटी काढ आणि मजकूर परत ठेव. शिवी तेवढी मी काढते. तू मला कट्ट्याची झाडलोट दिलीस ती याचसाठी.

आप्पा बरे आहेत. तुझ्या आईला, गंगव्वा मावशीला, गुडघ्याचं तेल पोचवलं.

विद्याश्री


कोलंबस, ओहायो
५ फेब्रुवारी २००८

प्रिय विद्या,

तुझं पत्र मिळालं. तू अजून तशीच आहेस. लहानपणी सागरगोटे खेळताना आपलाच गोटा हलला हे स्वतःच सांगायचीस आणि डाव घालवायचीस.

कट्टा मी का काढला तुला माहीत आहे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी एक माणूस पाहिला. भर चौकात खोक्यावर उभा राहून तो राष्ट्राध्यक्षांना वाटेल ते बोलत होता, आणि शेजारी पोलीस कॉफी पीत उभा. मला वाटलं, असं काहीतरी आपल्या लोकांसाठी करायचं. म्हणून कट्ट्याच्या माथ्यावर लिहिलं, ‘इथे कुणाचं तोंड कुणी बांधत नाही.’ मागच्या वर्षी आपल्या पेठेतल्या शांभवीबद्दल कुणी गलिच्छ लिहिलं तेव्हा तू चार वेळा मला काढायला सांगितलंस. मी काढलं नाही. मलाही ते आवडलं नव्हतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

या वेळी प्रकार वेगळा आहे. सयाजीरावांच्या वकिलाची नोटीस आली आहे. मजकूर राहिला तर माझ्यावर खटला होईल. तुला तिथे बसून या गोष्टींची कल्पना येणार नाही.

आणि एक समजून घे. इथली घटना बोलण्याचं स्वातंत्र्य देते ते सरकारपासून. सरकारने तोंड बंद करायचं नाही. मी सरकार नाही. कट्टा माझ्या पैशाने चालतो, माझ्या घरासारखा आहे. घरात कोण काय बोलेल हे घरमालकाने ठरवायचं, हेही स्वातंत्र्यच आहे. त्यामुळे मी मजकूर काढला यात इथल्या कोणत्याही मूल्याला धक्का लागत नाही. मी नीट विचार केला आहे.

पाटीचं बघतो. यंत्रात चार-पाचच कारणं ठरलेली आहेत, त्यातलं एक निवडावं लागतं. मी घाईत होतो.

आप्पांना नमस्कार. फळा अजून लिहितात का?

रुद्रेश


कोल्हापूर
८ फेब्रुवारी २००८

रुद्रेशदादा,

नोटिशीची प्रत पाठव. एकेका मुद्द्याला मी उत्तर लिहून देते. नुजहतकडे पंचायतीत दिलेल्या अर्जाची पोच आहे आणि तीन रंगांच्या पाण्याच्या बाटल्या आहेत. मी मंगळवारी कबनूरला जाऊन बघून आले. बाटल्यांवर तारखा आहेत. तांबडी बाटली मी उन्हात धरली तेव्हा गल्लीतली एक बाई म्हणाली, “लई दिस बघू नगा बाई, परत पांढरं पाणी बघितलं की चुकल्यागत वाटतंय.” सगळ्या हसल्या. मला हसावं की नाही कळेना.

तुझ्या घटनेचं ते कलम मी नेटवर शोधून वाचलं. अर्थ लागायला वेळ लागला, पण तू म्हणतोस ते खरं आहे. ते सरकारला सांगतं, तुला नाही. म्हणजे नुजहतचं लिहिणं काढून तू कायदा मोडलेला नाहीस, हे मी मान्य करते. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणत नाही, वाचून पटलं म्हणून म्हणते.

पण मग मला दोन गोष्टी समजत नाहीत. माझंच चुकत असेल तर सांग.

पहिली. हे तुझं घर असेल तर माथ्यावर ते वाक्य का आहे? ‘रुद्रेशचं घर, त्याच्या मर्जीनं बोला’ असं लिही. मी तक्रार करणार नाही. तू आम्हाला चौक म्हणून बोलावलंस. आता म्हणतोस, चौक नव्हता, माझ्या घराचा सोपा होता.

दुसरी. शांभवीबद्दलची घाण तू महिनाभर ठेवलीस. तिच्या ठरलेल्या लग्नापर्यंत गोष्ट गेली, तरी तत्त्व म्हणालास. नळाच्या पाण्याबद्दलचं लिहिणं एका दुपारी गेलं. दोन्हींना एकच तत्त्व कसं लागतं ते मला आप्पांना समजावून सांगायचं होतं. जेवताना सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. आप्पा म्हणाले, “पुढं?”

सगळंच ठेवावं असं माझं म्हणणं नाही, हे तुला माहीत आहे. रोज सकाळी कॅफेत बसून मी कट्ट्यावरची शिवीगाळ काढते. कुणीतरी पुसलं पाहिजे. माझा प्रश्न आहे, कसं पुसायचं.

तू फळ्याबद्दल विचारलंस. आप्पा अजून लिहितात. खांदा दुखतो, म्हणून खालच्या निम्म्यातच लिहितात. तू पेठेतून दहावीनंतर गेलास, म्हणून आठवण करून देते. तालमीशेजारच्या भिंतीवरचा फळा कुणाच्या मालकीचा आहे? भिंत भाजीवाल्या धोंडुबाईची, लाकूड तालमीचं, खडू आप्पांचे. सरकारचं त्यात काही नाही. तरी रीत अशी आहे, की लिहिणाऱ्यानं खाली नाव लिहायचं. आणि दुसऱ्याचं लिहिलेलं कुणी पुसलं, तर पुसणाऱ्यानं दिवे लागेपर्यंत फळ्याशेजारी उभं राहायचं. येणाजाणाऱ्यानं विचारलं की का पुसलं ते सांगायचं. बसायचं नाही. कारण पटलं तर मोकळी जागा तशीच राहते. नाही पटलं तर लिहिणारा परत लिहितो, आणि ते कुणी पुसत नाही. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या फळ्यावर, आणि पुसायचं म्हणजे काय तेही तिथंच.

एकदा आप्पांनी एका पैलवानाबद्दलची खोटी बातमी पुसली होती, तेव्हा मी त्यांना फळ्यापाशी डबा नेऊन दिलेला आठवतो. उभ्यानं जेवले.

दादा, तू पुसलंस. मग फळ्यापाशी उभा राहा. कट्ट्यावर स्वतःच्या नावानं लिही, मी हे काढलं, या कारणासाठी काढलं, विचारा. बाकी मी सांभाळते.

नोटिशीची प्रत विसरू नकोस.

विद्याश्री


कोलंबस
१० फेब्रुवारी २००८

विद्या,

तालमीच्या फळ्यावर आणि हजारो लोकांच्या वेबसाइटवर एकच नियम लावता येत नाही. मी रात्री नोकरीवरून येऊन हे काम करतो. प्रत्येक पुसण्यासाठी उभा राहिलो तर झोपू कधी?

तू कबनूरला जाऊन लोकांना भेटायला नको होतंस. यातून कट्ट्याचं नाव वादात येईल. काही दिवस तुझा पासवर्ड बंद ठेवतो. रागावू नकोस. सगळं शांत झालं की परत देईन.

नोटीस वकिलाकडे आहे.

रुद्रेश


कोल्हापूर
२० फेब्रुवारी २००८

रुद्रेशदादा,

दहा दिवस लिहिलं नाही. रागानं नाही. जे लिहायचं ते घडायचं होतं.

पासवर्ड बंद झाला त्या दिवशी मी चमनभाईंच्या कॅफेत तीनदा टाइप करून बघितला. माझंच बोट चुकतंय असं वाटलं. चमनभाई म्हणाले, “बंद झालंय न्हवं? मग तास लावू नगं, फुकट कशाला.” घरी येऊन आप्पांना सांगितलं. मला वाटलं ते फळ्याची रीत काढतील. ते म्हणाले, “त्येची येबसाइट, त्येचं कुलूप. त्यात मी काय करू? फळा हितं हाय, त्यावर कुणी लिहायला न्हाय म्हणत न्हाय. पर लिहायचं तर जिचं हाय तिनं.”

म्हणून मी पुन्हा कबनूरला गेले आणि नुजहतला विचारलं. एकदा नाही, दोनदा विचारलं. म्हटलं, तुझं नाव खाली येईल, भर चौकात. ती म्हणाली, “नाव आधीच गेलंय की कट्ट्यावर. ‘अश्लील’ लागून. आता बिनअश्लील एकदा लागू दे.”

शुक्रवारी संध्याकाळी ती आली. बालवाडीतल्या बाईचं अक्षर, एवढं मोठं आणि गोल, की आप्पा म्हणाले, “माझं बघितल्यावर लोकास्नी आता त्रास हुईल.” सगळा मजकूर तिनं कट्ट्यावर लिहिला होता तसाच फळ्यावर लिहिला, एकही शब्द न बदलता. खाली लिहिलं, नुजहत जमादार, कबनूर. मी शेजारी छापलेलं पान धरून शब्द मिळवून बघितले.

शनिवारी सकाळी सयाजीराव स्वतः आले. त्यांनी रंकाळ्याकडे बंगला बांधला आहे, पण पेठेत यायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं. कुणीतरी फोन केला असणार. गाडीतून उतरले, ड्रायव्हरकडचं फडकं घेतलं आणि फळा पुसला. खालचं नावसुद्धा. मी समोर दुधाच्या रांगेत होते.

फडकं झटकून ते गाडीकडे वळले तेव्हा धोंडुबाई भाजी मांडत होती. ती म्हणाली, “पावणं, पुसलं न्हवं?”

“पुसलं. मग?”

“मग हितं हुभं ऱ्हावा.”

त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. ते हसले. मग बघितलं तर दुधाच्या रांगेतलं कुणीच हसत नव्हतं. आप्पा तालमीतून बाहेर आले, धोतराला हात पुसत. म्हणाले, “ह्यो आमचा नेम हाय. पुसणारा दिवं लागेतवर फळ्यापाशी हुभा ऱ्हातो, आन् इचारंल त्याला कारण सांगतो. मीबी ऱ्हायलोय.”

“आणि नाही राहिलो तर?”

“तर काय न्हाय. गाडी तुमचीच हाय, बसा आन् जावा. कुणी हात लावणार न्हाय. फकस्त मी फळ्यावर लिहिणार, सयाजीरावांनी पुसलं आन् न सांगता गेलं. त्ये तुमी परत पुसायला आला तर परत ह्योच नेम.”

दादा, त्यांना जाता आलं असतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर कुणी म्हणेल की चौकानं त्यांना कोंडलं. वाट मोकळी होती. गाडीचं दार उघडं होतं. ते उभे राहिले. मला वाटतं, त्यांना वाटलं दहा मिनिटांत निपटेल.

पहिल्यांदा दूधवाल्यानं विचारलं, का पुसलं? म्हणाले, बदनामी आहे. मग तालमीतल्या पोरांनी विचारलं. म्हणाले, राजकारण आहे. मग शाळेच्या वाटेवरच्या दोन बायका थांबल्या, त्यांना म्हणाले, खोटं आहे. प्रत्येकाला वेगळं कारण. आणि फळ्याशेजारी उभा माणूस असला की जाणारा थांबतोच, तुला माहीत आहे. ऊन चढलं. एकानं लांबून शिवी हासडली. आप्पांनी त्यालाच बोलावून घेतलं, “तू काय लिहिलंयस का पुसलंयस? मग तुझं हितं काय काम? जा.” तो गेला. ती शिवी ऐकून सयाजीरावांच्या तोंडावर काहीतरी हललं आणि आप्पांनी त्याला घालवल्यावर परत काहीतरी हललं. ते मी बघितलं.

दुपारी धोंडुबाईनं त्यांना कलिंगडाची फोड दिली. टोपलीवर टेकायला गेले तर म्हणाली, “बसायचं नसतंय. खावा, पर हुभ्यानं.” मग तिनंच विचारलं, “खोटं हाय म्हणतासा, तर कुठलं खोटं? बोट लावून सांगा. तेवढंच ऱ्हाऊ द्या पुसलेलं, बाकीचं पोरगी परत लिवंल.”

फळा तर कोरा. तेव्हा मी पुढं झाले. माझ्या हातात छापलेलं पान होतं, ते वाचायला लागले. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. ‘आमच्या गल्लीत बायका नळावर आल्या की आधी रंग विचारतात.’ सयाजीराव गप्प. ‘कधी निळं येतं, कधी तांबडं.’ गप्प. ‘कारखान्याचा सांडपाण्याचा पाइप दिवाळीपासून फुटलेला आहे.’

“हे साफ खोटं हाय,” ते म्हणाले. मोठ्यानं. दिवसभरात पहिल्यांदा ते आपल्या भाषेत बोलले. “दिवाळीपास्नं न्हाय. संक्रांतीनंतर फुटलाय त्यो. दिवाळीत चांगला व्हता, मी स्वता बघितलाय.”

धोंडुबाई शांतपणे म्हणाली, “म्हंजी फुटलाय.”

ते तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता गाडीत बसतील. पण त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि आप्पांना म्हणाले, “खडू हाय का?” फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिलं: ‘दिवाळीपासून हे चूक. संक्रांतीनंतर. आठ दिवसांत पाइप बदलतो.’ खाली नाव. आप्पा म्हणाले, “आता जावा. कारण सांगून झालं.” ते म्हणाले, “दिवं लागू देत की.” आणि थांबले. चमनभाईंनी चहा पाठवला. त्यानंतर विचारणाऱ्यांना ते एकच सांगत होते.

नुजहत शेवटच्या एस्टीनं आली आणि तिनं मजकूर परत लिहिला. ‘दिवाळीपासून’च्या जागी ‘संक्रांतीनंतर’ लिहिलं, कारण तिनं गल्लीत विचारलं तर ते खरं निघालं. दिवाळीत आलेलं पाणी गढूळ होतं, रंगीत नव्हतं. तिच्या बाटल्यांवरही जानेवारीच्याच तारखा आहेत. त्या मी हातात घेऊन बघितल्या होत्या आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. सयाजीरावांनी तेवढं बरोबर धरलं, हे आपण लिहायला हवं.

पाइप काल बदलला. आज सकाळी नुजहतनं फोन केला. पांढरं पाणी आलं. बायकांनी नळावर येऊन सवयीनं रंग विचारला आणि सुगरा खाला म्हणाल्या, “रंग संपला, पाणी भरा.”

कट्ट्यावर मात्र ती पाटी अजून तशीच आहे. बालवाडीत अजून ती पाटी वाचली जाते.

विद्याश्री


कोलंबस
२२ फेब्रुवारी २००८

विद्या,

नोटीस आली नव्हती. कुठल्याही वकिलाकडून नाही. सयाजीरावांचे मेहुणे इथल्या आपल्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांचा फोन आला. गणपतीला हॉल तेच मिळवून देतात, नवीन आलेल्या मुलांना खोल्या तेच शोधून देतात, मलाही त्यांनीच शोधून दिली होती. म्हणाले, तेवढं काढ ना रे. मी काढलं. कारण निवडायचं होतं तर यादीत वरचंच निवडलं. तुला नोटीस सांगितली, कारण नुसता फोन आला म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस.

काल आईचा फोन आला. फळ्याची गोष्ट तिला तुमच्या पेठेतल्या कुणीतरी सांगितली. ती तिथेच वाढलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “त्या पोरीचं तू पुसलंस व्हय रे?” मी म्हटलं, कॉम्प्युटरवर आई, फळ्यावर नाही. ती म्हणाली, “पुसलंस न्हवं? मग हुभा कुठं ऱ्हायलास?”

मी तिला घटना समजावून सांगू शकलो असतो. तुला सांगितली होती. सांगितली नाही.

परवा आमच्या गावच्या ग्रंथालयाची सभा होती, नवीन वाहनतळाबद्दल. मी सहज गेलो होतो. एक म्हातारा उठला आणि अध्यक्षांवर तोंडसुख घ्यायला लागला. तीन मिनिटं झाली तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, तुमची वेळ संपली, नियम सगळ्यांना हाच आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा या, आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात राहील. तो बसला. मी पाच वर्षं इथे राहतो आणि मला खोक्यावरचा माणूस तेवढा दिसला. मधेच थांबवलं तर थांबवणाऱ्या बाईला कारण सांगावं लागतं, तेही सगळ्यांसमोर, हे दिसलं नाही. मी कट्टा या देशाच्या मूल्यांवर चालवतो असं सगळ्यांना सांगत होतो. यातलं नेमकं काय आणलं होतं मी? खोका. सभा आणली नाही.

शांभवीला मी आज लिहिलं. तत्त्व होतं असं लिहिलं नाही.

तुझा पासवर्ड सुरू केला आहे. नवीन यंत्रणा बसवली आहे, काढलेल्या मजकुराच्या जागी काढणाऱ्याचं खरं नाव आणि कारण स्वतःच्या शब्दांत लिहिल्याशिवाय बटण दबतच नाही. यादी काढून टाकली. ज्याचं काढलं त्याला पत्र जातं आणि तो तिथेच उत्तर लिहू शकतो. नुजहतचा मजकूर मी आत्ता परत ठेवू शकतो, पण मला वाटतं तो गुपचूप परत येऊ नये. गुपचूपच गेला होता. तू दिवस ठरव. तू तो परत ठेव, सयाजीरावांच्या दुरुस्तीसह. मी त्याखाली माझं लिहीन आणि बसेन. नव्हे, उभा राहीन. मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं आहे. ते म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केला.

रुद्रेश


कोल्हापूर
२५ फेब्रुवारी २००८

रुद्रेशदादा,

तुझं पत्र मी चमनभाईंच्या कॅफेत उभ्यानं वाचलं. खुर्ची मोकळी होती, तरी. ते म्हणाले, “काय बाई, काय पुसलंसा का?” मी म्हटलं नाही, उलट. त्यांनी त्या तासाचं काही घेतलं नाही.

पासवर्ड लागला. पहिल्याच वेळी.

नुजहतला सगळं सांगितलं, नोटीस नव्हती हेही. ती म्हणाली, “बरं झालं, आपण त्या नोटिशीला उत्तर लिहीत बसलो न्हाय.” तिची एकच अट आहे. ‘अश्लील’ची पाटी तू नुसती काढायची नाहीस. ती होती, कुणी लावली आणि का चूक होती, हे तिथं लिहायचं. नाहीतर बालवाडीच्या फाटकात लोकांना वाटेल, तिनं खरंच अश्लील लिहिलं होतं आणि ते कुणीतरी दाबून टाकलं.

मी सयाजीरावांनाही विचारलं. तुला आश्चर्य वाटेल. मलाही वाटलं, आणि बंगल्याच्या बेलवर बोट ठेवून मी बराच वेळ उभी होते. ते म्हणाले, “फळ्यावर लिवलंय त्येच घाला. वर-खाली काय नगं.” मग दारापर्यंत आले आणि विचारलं, “कट्ट्यावर कोण हुभं ऱ्हानार? तुमचा भाऊ? अमेरिकेत?” मी हो म्हटलं. ते हसले. “दिवं कधी लागत्यात तिथं?”

हा प्रश्न आप्पांनी सोडवला आहे. दिवे पेठेचे धरायचे. म्हणजे तुझी सगळी रात्र जाईल. तू विचारलं होतंस झोपू कधी, तर त्याचं उत्तर, दिवे लागल्यावर.

मला अजून भीती वाटते. शंभर लोक विचारतील आणि त्यातले काही तुला बोलतील, मलाही. कुणी शिवी दिली तर ती मीच काढणार, आणि काढल्यावर माझं नाव खाली येणार, आणि मग मलाही सांगत उभं राहावं लागणार. मी कारणं आधीच लिहून ठेवायला बसले होते. आप्पांनी कागद उचलून ठेवला. म्हणाले, “आदीच लिवून ठेवलेलं कारन म्हंजे तुझ्या भावाची यादी.” तेव्हा लिहिलेलं टाकून दिलं.

कट्ट्याच्या माथ्यावरचं वाक्य बदलू या का, याचा मी दोन दिवस विचार केला. बदलू नको. ते खरं नव्हतं, पण आता होऊ शकतं. खाली एक ओळ जोडू, ‘आणि जो पुसेल तो उभा राहील.’ आप्पांना ही ओळ वाचून दाखवली. संध्याकाळी बघितलं तर फळ्याच्या चौकटीवर पांढऱ्या रंगात तीच ओळ होती. खांदा दुखतो म्हणतात, आणि चौकट तर सगळ्यात वर आहे. धोंडुबाईची टोपली पालथी घालून चढले असणार.

गंगव्वा मावशी येणार आहे. आपल्या लेकाला उभं राहिलेलं बघायचं म्हणते. कॉम्प्युटरवर तू दिसणार नाहीस, फक्त अक्षरं येतील, असं मी समजावलं. ती म्हणाली, “अक्षर तर माझंच हाय, मीच गिरवून घेतलंय.” चमनभाईंनी तिच्यासाठी गादीची खुर्ची काढून ठेवली आहे, आणि नुजहतसाठी शेजारची, म्हणजे तिचा मजकूर तिच्या डोळ्यांसमोर परत येईल.

तुझी,
विद्याश्री

ता. क. दिवस ठरवायचा राहिला असं तुला वाटेल. राहिला नाही, तीनदा पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही बघितलं. कबनूरच्या गल्लीतल्या बायकांना यायला जमलं पाहिजे, बालवाडीला सुट्टी पाहिजे आणि तुला दुसऱ्या दिवशी कामावर पोचता आलं पाहिजे. धोंडुबाई भाजी मांडते त्या वेळी, सकाळी आठ वाजता, मी बटण दाबेन: रविवार, २ मार्च २००८.